वाचकांचे प्रश्न : तुकडीतला सगळ्यात पुढचा जवान

मागच्या अंकात पायदळाच्या गस्तीवर लेख होता. त्यानंतर आलेल्या पत्रांमधली बरीचशी एकाच माणसाबद्दल आहेत : रांगेत पहिला चालणारा. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

सिनेमात कॅप्टनसाहेब सगळ्यात पुढे आणि जवान मागून, असं दिसतं. खरोखर तसंच असतं का?
(एक वाचक, गिरगाव)

गस्तीत सहसा नसतं. आपल्याकडे पायदळाचा सेक्शन, म्हणजे लहान तुकडी, दहा जणांचा. एकामागोमाग चालताना पुढे स्काउट (टेहळ्या) नंबर एक, त्याच्या मागे स्काउट नंबर दोन आणि मग सेक्शन कमांडर. त्याच्यामागे रायफलवाले, एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन सांभाळणारी जोडी आणि शेवटी टू-आय-सी, म्हणजे सेक्शनचा दुय्यम. या शेवटच्याचं निम्मं लक्ष पाठीमागे असतं.

कमांडर तिसरा का, तर त्याचं काम वेगळं आहे. नकाशा, होकायंत्र, वायरलेस, पुढच्या टेकाडाला वळसा डावीकडून घालायचा की उजवीकडून, हे सगळं त्याच्याकडे. जो खाली नकाशात बघतो त्याला समोरचं झुडूप बघता येत नाही. शिवाय पहिल्या गोळीला पहिला माणूस जमिनीला चिकटतो आणि पुढची काही मिनिटं त्याला मान वर काढता येत नाही. तो माणूस कमांडरच असेल तर मागच्या आठ-नऊ जणांना हुकूम द्यायला कोणी उरत नाही.

मग सिनेमातलं चित्र आलं कुठून? हल्ल्यातून. प्रत्यक्ष चढाईत आपल्याकडे अधिकाऱ्याने पुढे असण्याची परंपरा आहे आणि 1999 साली कारगिलमध्ये कितीतरी तरुण अधिकाऱ्यांनी ती प्राण देऊन पाळली. पण चढाई वेगळी आणि शोधत जाणं वेगळं. सिनेमावाले चढाईतला माणूस उचलून गस्तीत आणून ठेवतात, तिथे घोळ होतो. अमेरिकन पायदळात मात्र चौघांची छोटी टोळी पाचरीच्या आकारात चालते तेव्हा टोळीचा प्रमुख टोकाला असतो. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून तो करेल तेच करायचं, अशी ती रचना. ती चौघांपुरती चालते.

पण हा पहिला माणूस नेमकं करतो काय? नुसता पुढे चालतो?
(एक वाचक, डोंबिवली)

त्याचं मुख्य काम चालणं नव्हे, थांबणं. वेळेवर थांबला तर मागचे वाचतात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं उलगडतं.

आधी बघणं. जमीन तीन पट्ट्यांत बघायची : जवळची, मधली, दूरची. सगळ्यात आधी जवळची, कारण तिथला धोका पहिला अंगावर येतो. नजर उजवीकडून डावीकडे फिरवायला शिकवतात. आपण वाचतो डावीकडून उजवीकडे, त्यामुळे त्या दिशेने डोळा सवयीने घसरत जातो. उलट दिशेने फिरवला की तो अडखळतो, आणि अडखळला की दिसतं. शोधायचं काय? माणूस नव्हे, तो अख्खा क्वचितच दिसतो. आकार, सावली, चमक, आकाशावर उमटलेली बाह्याकृती, एकसारखं अंतर, हालचाल. रानात सरळ रेघ फार कमी असते, त्यामुळे गवतात गुडघ्याच्या खाली सरळ रेघ दिसली तर ती तार असण्याची शक्यता धरायची. एकाच फांदीची पानं कोमेजलेली आणि बाजूची टवटवीत, तर ती फांदी तोडून लावलेली आहे. पायवाटेवर ताजी माती दिसली, रोज पोरं खेळतात त्या अंगणात आज कोणीच नसलं, तरी थांबायचं.

रात्री नियम बदलतात. अंधाराला डोळे पुरते सरावायला साधारण अर्धा तास लागतो आणि एका टॉर्चच्या झोताने तो अर्धा तास वाया जातो. म्हणून उजेड पडला तर एक डोळा घट्ट मिटून घ्यायचा. वस्तूकडे थेट न बघता तिच्या किंचित बाजूला बघायचं, कारण अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यभागी नसून कडेला असतात.

आणि हे सगळं एकट्याने होत नाही. पत्रांमध्ये दुसऱ्या माणसाबद्दल कोणीच विचारलेलं नाही, म्हणून आम्हीच सांगतो. पहिला जमिनीकडे बघतो तेव्हा दुसरा वर आणि लांब बघत असतो. पहिला वाकून तार तपासतो तेव्हा त्याच्या डोक्यावरून समोर नेम धरलेली रायफल दुसऱ्याची असते. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिक या दोघांना वेगवेगळी नावं देत, पुढचा 'पॉइंट' आणि मागचा 'स्लॅक'. पडद्यावर पहिलाच राहिला आणि दुसरा गळाला, ही त्या दुसऱ्यावर झालेली अन्यायाची गोष्ट आहे.

चुका बहुतेक दोनच होतात. पहिली म्हणजे थकवा. इतकं लक्ष कोणालाही तासन्‌तास टिकवता येत नाही. डोळे उघडे राहतात पण बघणं बंद होतं, आणि हे त्याचं त्यालाच कळत नाही. म्हणून कमांडर माणूस बदलतो, दाट झाडीत जास्त लवकर. दुसरी चूक मागच्यांची. कंटाळून ते अंतर कमी करतात, पहिल्याला पाठीवर श्वास जाणवतो आणि तो घाईने चालायला लागतो. वेग पहिल्याचाच असायला हवा. मागून 'चलो, चलो' म्हटलं की गस्त बिघडलीच.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर गडचिरोलीचं बघा. तिथे सी-60 ही पोलिसांची नक्षलविरोधी पथकं जंगलातून पायी चालतात, कारण सुरुंगाच्या मुलखात गाडी रस्त्याला बांधलेली असते आणि रस्ता शत्रूला आधीच माहीत असतो. 1 मे 2019 ला कुरखेडा तालुक्यात सुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस आणि गाडीचा चालक मृत्युमुखी पडले. ते गाडीतून जात होते. पायी जाणाऱ्या रांगेत पहिल्याला थांबायची संधी असते, गाडीत ती कोणालाच नसते.

एनसीसीत आम्हाला सिंगल फाइल, अ‍ॅरोहेड, डायमंड शिकवतात. पहिल्याच्या दृष्टीने यात फरक काय पडतो? आणि अंतर किती ठेवायचं?
(एक छात्र, पार्ले)

सिंगल फाइल, म्हणजे एकामागोमाग रांग, बांधाच्या, ओढ्याच्या, गल्लीच्या कडेने आणि अंधारात सोयीची. पण समोरून गोळीबार झाला तर उत्तर देणारा जवळजवळ एकटा पहिलाच, मागच्यांच्या नेमात त्याचीच पाठ. अ‍ॅरोहेडमध्ये मागचे दोन्ही बाजूंना फाकलेले असल्यामुळे ही अडचण बरीच कमी होते. उघडं माळरान, शत्रू कुठे आहे माहीत नाही, तेव्हा तो घ्या. डायमंड चारही दिशांना बघतो, रात्री उघड्यावर चांगला. एक्स्टेंडेड लाइन, म्हणजे सगळे शेजारी शेजारी आडव्या रांगेत, शेवटच्या धडकेसाठी. तिच्यात 'पहिला' कोणीच नसतो.

अंतराचं कारण समजून घेतलंत तर आकडा पाठ करावा लागणार नाही. अमेरिकन एम-67 हातबॉम्बने 5 मीटरच्या आत माणूस मरू शकतो आणि साधारण 15 मीटरपर्यंत जखमी होऊ शकतो. म्हणून उघड्यावर दोघांमध्ये दहाएक मीटर ठेवतात. एका स्फोटात दोघे जाऊ नयेत, पण हाताची खूण दिसावी. झाडी दाट झाली की अंतर आपोआप कमी होतं, कारण दहा मीटरवर माणूसच दिसत नाही. पुढचा दिसेनासा झाला की अंतर जास्त झालं, आणि एका झाडाआड दोघे मावले की कमी झालं.

वर केलेली मूठ म्हणजे 'थांबा' ना?
(एक वाचक, मुलुंड)

अमेरिकन पद्धतीत उघडा पंजा वर म्हणजे 'थांबा' आणि मूठ वर म्हणजे 'आहात तसे गोठून जा', पायही खाली टेकू नका. दोन्ही वेगळे हुकूम आहेत. हॉलिवूडमुळे आपल्या मालिकांमध्येही मूठच वर जाते आणि मग सगळे निवांत बसतात, ते चूक. एनसीसीत शिकवतात त्या खुणांमध्ये अंगठा खाली म्हणजे शत्रू दिसला किंवा संशय आहे, आणि अंगठा वर म्हणजे शत्रू नाही. खूण कुठलीही असो, ती प्रत्येकाने आपल्या मागच्याला द्यायची असते. पडद्यावर पहिला खूण करतो आणि आठवा माणूसही त्याच क्षणी थांबतो. खऱ्या रांगेत थांबणं लाटेसारखं मागे सरकतं.

आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत पाच जवानांच्या गस्तीचा प्रवेश आहे. स्टेज लहान, पोरांना सैनिकासारखं चालता येत नाही. काय करावं?
(एक दिग्दर्शिका, दादर)

तुमचा प्रश्न फार आवडला, कारण रंगमंचावर ही गोष्ट सिनेमापेक्षा खरी दाखवता येते. तिथे क्लोजअप नाही, पूर्ण रांग दिसते.

पाचही जणांना एकदम आणू नका. पहिला विंगेतून येऊ दे, दोन पावलं टाकून थांबू दे, बघू दे. प्रेक्षकांना अस्वस्थ वाटेल इतका वेळ थांबू दे. मग दुसरा, पण पहिल्याच्या मागे सरळ नको, एक हात बाजूला. कमांडर पहिल्याने मागे वळून न बघता केलेल्या खुणेनंतरच येईल. चौथा. शेवटचा पाठमोरा येईल, दर काही पावलांनी फिरत. स्टेजवर चौघेच मावत असतील तर पाचवा विंगेतच ठेवा, रांग स्टेजच्या बाहेरही आहे असं वाटतं.

चालणं असं बसवा : गुडघे किंचित वाकलेले, पावलाची बाहेरची कड आधी टेकायची, मग तळवा, आणि जमीन पक्की वाटल्यावरच वजन टाकायचं. घाईत पोरं वजन आधी टाकतात, मग फळी वाजते. बंदुकीचं तोंड डोळ्यांबरोबर फिरलं पाहिजे. नजर डावीकडे आणि नळी उजवीकडे असं झालं की सगळं खोटं दिसतं. दस्ता खांद्यात, नळी खाली झुकलेली, बोट ट्रिगरवर नाही तर ट्रिगर गार्डच्या बाहेर सरळ. पहिल्याची नजर समोर, दुसऱ्याची डावीकडे, तिसऱ्याची उजवीकडे, अशी आलटून पालटून वाटून द्या.

डमी बंदुकीकडे लक्ष द्या. इन्सास रायफल रिकामीच सुमारे 4 किलोची. फायबरची डमी किलोभरही भरत नाही, त्यामुळे मुलं ती एका हाताने काठीसारखी फिरवतात. आत लोखंडी सळई घालून किंवा दस्त्यात वाळू भरून वजन साडेतीन किलोच्या आसपास आणा. दोन तालमींत खांदे आपोआप खाली येतील, हात आपोआप जवळ येतील, अभिनय शिकवावा लागणार नाही. पाण्याची बाटली एकतर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असू दे. अर्धी भरलेली डचमळते आणि पहिल्या चार रांगांना ऐकू जाते. बकल, चाव्या, साखळ्या चिकटपट्टीने बांधा.

एक कळकळीची सूचना. गणवेश आणि डमी घालून लोकलने येऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 प्रमाणे, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने तसा गणवेश घातला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नाटकात तो हेतू नसतो, पण दादरच्या पुलावर गर्दीला ते कसं कळणार? या शहराने जे पाहिलं आहे त्यानंतर फलाटावर रायफल दिसली तर धावपळ होईल आणि कोणीतरी चेंगरेल. कपडे ग्रीनरूममध्येच बदला, डमी बंद पिशवीत न्या, कॉलेजचं पत्र जवळ ठेवा. तालीम गच्चीवर किंवा मैदानात असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा.

लघुपटात दहा-दहा मीटर अंतर ठेवलं तर फ्रेममध्ये दोनच माणसं येतात. म्हणून सगळे खेटून चालवतात. यावर उपाय?
(एक वाचक, गोरेगाव)

कॅमेरा रांगेच्या तोंडासमोर लांब न्या आणि लांब पल्ल्याची लेन्स लावा. तशा लेन्समधून मागचे पुढच्याजवळ आल्यासारखे दिसतात, त्यामुळे अंतर खरं राहतं आणि फ्रेमही भरते. प्रत्येकाला अर्धा हात डावी-उजवीकडे सरकवा म्हणजे चेहरे झाकले जाणार नाहीत. बाजूने घेताना मात्र अंतर उघडं पडतं. तिथे पहिला आणि दुसराच दाखवा, बाकीचे आवाजात ठेवा.

गोळीबार एडिटिंगमध्ये घाला, ब्लँक काडतुसं वापरू नका. ब्लँकमध्ये गोळी नसली तरी तोंडातून तापलेला वायू आणि तुकडे जोरात बाहेर पडतात. 1984 साली अमेरिकन अभिनेता जॉन-एरिक हेक्सम कानशिलाला लावलेल्या बंदुकीतल्या ब्लँकमुळेच गेला. आणि रांगेत सगळ्यांच्या नळ्यांपुढे कोण असतो, तर तुमचा पहिला माणूस.

शिवाजी पार्कच्या 26 जानेवारीच्या संचलनात पुढे चालतो तोही हाच का?
(एक वाचक, माहीम)

नाही. तिथे पुढे तुकडीचा कमांडर, आणि दिशा धरणारा म्हणजे उजव्या टोकाचा जवान, ज्याला कवायतीत 'दर्शक' म्हणतात. मिनिटाला 120 पावलं, पाऊल 30 इंचांचं, म्हणजे मिनिटात बरोबर 100 यार्ड. 'दाहिने देख' झाल्यावर सगळ्यांच्या माना मंचाकडे वळतात, पण उजव्या कडेची रांग समोरच बघत राहते. पुढच्या वेळी नक्की पाहा. तीही वळली तर मंच ओलांडेपर्यंत अख्खी तुकडी उजवीकडे कलते. नव्या तुकड्यांत हे नेहमी होतं.

पेशवाईतले बिनीवाले म्हणजे याच कामाचे का?
(एक वाचक, ठाणे)

काम त्याच जातीचं, आकार फार मोठा. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. तिच्या सरदाराने पुढे जाऊन वाट पाहायची, पाणी आणि वैरण मिळेल अशी मुक्कामाची जागा ठरवायची. मोठ्या लष्कराची जनावरं एका रात्रीत ओढा आटवतात, त्यामुळे जागा चुकली तर दुसऱ्या दिवशीची मजल होत नाही. 1769 साली उत्तरेच्या मोहिमेवर निघालेल्या फौजेचे एक सेनापती विसाजी कृष्ण बिनीवाले होते. बहिर्जी नाईकांचं काम मात्र वेगळं, ते हेर. हेर फौज निघण्याआधी जातो, बिनीवाला फौजेबरोबर.

26/11 च्या वेळी टीव्हीवर कमांडो पाहिले. खोलीत शिरताना पहिला जो जातो, त्याची निवड कशी होते?
(एक वाचक, कुलाबा)

खोलीत शिरणं ही गस्तीच्या उलट गोष्ट आहे. इथे पहिल्याने थांबायचं नाही. दारात थांबलेला माणूस मागून येणाऱ्या उजेडात ठळक दिसतो, आतल्याला नेम धरायला तेवढं पुरतं, आणि मागच्या तिघांची वाटही अडते. म्हणून तो दार ओलांडून सरळ एका कोपऱ्याकडे जातो, दुसरा विरुद्ध कोपऱ्याकडे, तिसरा आणि चौथा आलटून पालटून. पहिला कुठे वळला हे बघून दुसरा उलट वळतो, बोलण्याला वेळ नसतो. सिनेमात पहिला उंबरठ्यावर उभा राहून खोली न्याहाळतो, ती जागा सगळ्यात वाईट. निवडीचं म्हणाल तर ठरावीक एकच 'पहिला' नसतो. दाराशी रांग कशी लागली त्यावर ठरतं, म्हणून सराव सगळ्यांना चारही जागांचा करावा लागतो. एखाद्या जुन्या हॉटेलात अशी शेकडो दारं असतात, हे लक्षात घेतलं की ते तीन दिवस का लागले ते कळेल.

मी बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये टीमचा एंट्री फ्रॅगर, म्हणजे सगळ्यात आधी आत शिरणारा, आहे. दर वेळी मीच आधी मरतो आणि टीम मलाच बोलते.
(एक विद्यार्थी, कल्याण)

तुमच्या मागचा दुसरा कुठे असतो ते रेकॉर्डिंगमध्ये बघा. तुम्ही पडल्यावर तो दोन सेकंदांत तुमच्या मारेकऱ्यापर्यंत पोहोचत नसेल तर दोष अंतराचा आहे, तुमच्या नेमाचा नाही. दोघांनी एकाच दारातून, एकामागोमाग, पण वेगवेगळ्या कोनांत जायचं ठरवा, आणि जाण्याआधी स्मोक किंवा ग्रेनेड टाकायचं काम तुमच्याकडे न ठेवता तिसऱ्याला द्या. हातात ग्रेनेड असताना तुम्ही बंदुकीविना दारात उभे असता. 2005 साली आलेल्या 'फिअर' या गेमच्या नायकाला नावच नव्हतं, सगळे त्याला पॉइंट मॅन म्हणत. तो अख्खं पथक असल्यासारखा एकटा लढतो, कारण गेमची कथा एका खेळाडूसाठी केलेली होती. तुमचा गेम चौघांचा आहे, तेव्हा दुसऱ्याची जागा आधी पक्की करा.